बाबांचं बेंच, दादाची काच

दादाने बाबांच्या बेंचावर बसवलेली काच पाहिली, त्याच दिवशी धाकटीने मनाशी खूणगाठ बांधली. हे बेंच परत आणायचं. भांडून नाही, डोळ्यांत पाणी आणून तर मुळीच नाही. दादाने स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, 'ने बाई' म्हणायला हवं.

बाबा कारखान्यात लेथवर होते आणि घरी आले की मागच्या खोलीत सुतार व्हायचे. त्या खोलीत हे बेंच होतं. कमरेइतकं उंच, हातभर रुंद, पाय असे की दोघांनी लोटलं तरी तसूभर हलू नये. वरच्या फळीत, खुंट्या बसवून लाकूड अडवण्यासाठी, भोकांची रांग होती. पुढच्या कडेला व्हाइस होता: लोखंडाचे दोन जबडे, मधून जाडजूड स्क्रू, तो फिरवायला एक दांडी. एकदा फळी त्या जबड्यांत सापडली की तिची हलायची बिशाद नव्हती. शाळा सुटल्यावर धाकटी थेट त्या खोलीत जायची. करवतीचं दुसरं टोक धरणं हे तिचं पहिलं काम, आणि लाकडाची छोटी पेटी ही तिने एकटीने केलेली पहिली वस्तू. दादा त्या खोलीच्या दारापर्यंत यायचा, भुशाकडे बघायचा आणि चपला न काढताच परत फिरायचा.

बाबा गेल्यावर सामानाची वाटणी झाली तेव्हा दादा म्हणाला, "बेंच माझ्याकडे असू दे, छकुले. तुझ्या दोन खोल्यांत ते मावायचं कुठे? आणि तू करणार काय त्याचं?"

छकुलीने तेव्हा चाळिशी ओलांडली होती. नाजूक वजनकाटे दुरुस्त करणं हा तिचा पेशा होता, आणि घरातली खुर्ची, खिडकी, नळ, फळ्या हे सगळं ती स्वतःच करायची. फळी धरायला काही नाही म्हणून गुडघ्यांत दाबून. ती गप्प बसली. वाटणीच्या वेळी गप्प बसलेल्या माणसाचं जे होतं ते तिचं झालं. दादाने व्हाइस मात्र काढायला लावला. "ते लोखंडी धूड तू ने. दिवाणखान्यात कसं दिसेल ते?"

म्हणजे बेंच त्याच्याकडे आणि व्हाइस हिच्याकडे. ओट्याखाली, तेलाच्या फडक्यात गुंडाळून.

महिन्याभराने ती दादाकडे गेली तेव्हा बेंच ओळखू येईना. वरचे रंध्याचे, पटाशीचे सगळे ओरखडे घासून काढलेले. त्यावर पॉलिश, असं चकचकीत की वर रंधा ठेवला असता तर घसरून पडला असता. भोकं पुट्टीने बुजवलेली. त्यावर काच, काचेवर फुलदाणी, आणि फुलदाणीशेजारी तिची पेटी.

"दादा, तुला वापरायचं नसेल तर बेंच मला दे," ती म्हणाली.

"अगं, बाबांची आठवण आहे ती." दादाने फुलदाणी किंचित सरकवली, जणू आठवण तिच्याखाली होती.

नंतर दादाने एक मंडळ धरलं. तो विमा कंपनीतला वरचा साहेब, निवृत्तीला आलेला, त्याला छंद हवा होता. 'आपलं घर, आपले हात' असं त्या मंडळाचं नाव. दर रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं आणि एकेकाने काहीतरी करून दाखवायचं. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांनी दाराला बिजागऱ्या बसवून दाखवल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्यांनी टपकणाऱ्या नळाचा वॉशर बदलला. दादा दर रविवारी नुसता बोलायचा. मी बाबांच्या हाताखाली तयार झालो. ही पेटी माझी, शाळेत असताना केलेली. बहीण होती, पण तिचं लक्ष भातुकलीत.

भातुकलीचं हे वाक्य वहिनीने सहज, हसत हसत धाकटीला सांगितलं. धाकटीही हसली. घरी आली, ओट्याखालून व्हाइस काढला आणि त्याला पुन्हा एकदा तेल लावलं.

शेवटी दादाची पाळी आली. त्याचा फोन आला.

"छकुले, रविवारी माझ्याकडे मंडळी येतायत. तो व्हाइस आण आणि बेंचाला बसवून दे. फळीची कड रंध्याने सरळ कशी करायची ते दाखवणार आहे मी."

"तू?"

"मग कोण? आणि हो, दोन फळ्यांचा एक सांधाही करून आण. वेळ कमी असतो ना. मी दाखवीन, हा बघा, असा होतो शेवटी."

"करून आणते," ती म्हणाली.

खूणगाठ बांधली होती खरी, पण तोवर तिच्या डोक्यात काही शिजत नव्हतं. एवढ्या उपकारावर बेंच पुन्हा मागून बघू, इतकाच तिचा विचार होता. शनिवारी ती गेली, फुलदाणी, पेटी आणि काच उचलून बाजूला ठेवली, व्हाइस जागेवर धरला, बोल्ट आवळले, जबड्यांत एक फळी धरली आणि दांडी फिरवली. फळी आवळायच्या ऐवजी खाली घसरली.

ती थबकली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. कामावरचे सगळे व्हाइस उजवीकडे फिरवले की आवळतात; इतक्या वर्षांत हाताला तीच सवय लागली होती. बाबांचा व्हाइस डावीकडे आवळायचा. बाबा डावखुरे होते. डाव्या मनगटाचा जोर डावीकडे पिळताना जास्त लागतो, म्हणून त्यांनी कारखान्यातल्या लेथवर स्वतः उलट्या आट्यांचा स्क्रू पाडून घेतला होता. त्या बेंचाशी जो एक दिवस जरी उभा राहिला असेल त्याच्या हाताला हे कळल्याशिवाय राहिलं नसतं. पहिल्याच दिवशी फळी पायावर पडून कळलं असतं, जसं तिला कळलं होतं.

आणि जो कधीच उभा राहिला नाही, त्याला कळायचा प्रश्नच नव्हता.

तिने डाव्या हाताने दांडी धरली, फळी आवळली, सोडली. क्षणभर तिचं मन तिला खाऊ लागलं. म्हणून दादा खोलीत आला तेव्हा तिने विचारलं, "दादा, उद्याच्या आधी एकदा फिरवून बघतोस का? हाताला सवय होईल."

दादाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मला शिकवतेस? याच बेंचावर मोठा झालो मी."

"बरं," ती म्हणाली आणि बोल्ट आवळायचे पाने पिशवीत भरले. घरी जाताना ती कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याकडे थांबली आणि त्याला रविवारी सकाळी दादाच्या इमारतीखाली यायला सांगितलं.

"सामान काय आहे?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"एक बेंच. जड आहे."

"उतरवायला माणसं?"

"माणसं वरच असतील," धाकटी म्हणाली.

रविवारी दिवाणखाना भरला. वहिनीने चहा फिरवला. दादाने नवा कोरा ॲप्रन घातला होता, घड्या न मोडलेला. धाकटी मागच्या खुर्चीवर बसली, दाराजवळ.

दादाने आधी तिने केलेला सांधा सगळ्यांच्या हातात फिरवला. "कागद जाणार नाही मधून," तो म्हणाला. डॉक्टरांनी खरंच खिशातून एक कागद काढून घालून बघितला. गेला नाही.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "किती वेळ लागला?"

"हात बसला की वेळ लागत नाही," दादा म्हणाला. "बाबा माझा हात धरून शिकवायचे. इथेच. इथे मी उभा असायचो, आणि तिथे बाबा." मग तो धाकटीकडे वळून लाडाने हसला. "आमच्या छकुलीला विचारा. ती बाहेर भांडीकुंडी मांडून बसलेली."

धाकटीने चहाचा घोट घेतला.

दादाने फळी जबड्यांत धरली आणि दांडी फिरवली. उजवीकडे. जबडा थोडा उघडला, फळी खाली सरकली. दादाने ती वर ओढली आणि आणखी फिरवलं.

"जरा ढिला झालाय," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी बाहेर काढलाय ना."

आणखी एक फेरा. फळी सुटली आणि टोकाने त्याच्या पायावर आली. त्याने ओठ दाबले. कोणीतरी "अरेरे" म्हटलं. शाळेच्या बाई पुढे वाकून बघू लागल्या.

"अहो, तुम्ही उलट तर फिरवत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"उलट कसा? सगळे स्क्रू असेच आवळतात." दादाच्या कपाळावर घाम आला होता. त्याने फळीचा नाद सोडला आणि दोन्ही हातांनी दांडी धरली, आता एकदाचा बघतोच अशा थाटात. तो फिरवत गेला, जबडा बाहेर येत गेला, आणि शेवटचा आटा सुटल्यावर जबडा स्क्रूसकट धाडकन खाली आदळला. डॉक्टरांनी पाय मागे घेतला म्हणून वाचले. फरशीचा एक टवका उडाला.

वहिनीने फरशीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

अजूनही त्याला सावरता आलं असतं. 'विसरलो' म्हणाला असता तर मंडळींनी हसून सोडून दिलं असतं, आणि कदाचित धाकटीनेही. पण दादाने ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाला, "छकुले, तू बसवताना काहीतरी चुकवलंस. मी म्हटलं होतं, कारागीर बोलावू. पण नाही, हिलाच हौस."

धाकटीने कप खाली ठेवला. उठली. जबडा उचलून स्क्रू नटाशी लावला आणि डाव्या हाताने दांडी फिरवली. डावीकडे. स्क्रू सरसर आत गेला. तिने फळी धरली, एक शेवटचा पीळ दिला आणि फळीवर चापट मारली. फळी हलली नाही. मग तिने दादाचा कोरा रंधा घेतला, पातं जरा आत ठोकलं आणि फळीच्या कडेवरून एका दमात ओढत नेला. लाकडाची अख्खी पातळ पट्टी वळत वळत वर आली आणि दादाच्या पायावर पडली.

"बाबा डावखुरे होते," ती शांतपणे म्हणाली. "आटे त्यांनी मुद्दाम उलटे पाडले होते. या बेंचावर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे."

"प्रत्येकाला म्हणजे?" शाळेच्या बाईंनी विचारलं. जन्मभर पोरांच्या थापा पकडलेल्या बाई त्या. त्यांचा आवाज अगदी गोड झाला होता.

"दोघंच होतो आम्ही. बाबा आणि मी."

डॉक्टरांनी हातातल्या सांध्याकडे पाहिलं, मग फुलदाणीशेजारच्या पेटीकडे. "मग ही पेटी?"

"ते दादाला विचारा," धाकटी म्हणाली.

सगळे दादाकडे बघू लागले. दादा पेटीकडे बघू लागला. पेटी कोणाकडे बघत नव्हती. वहिनी हळूच म्हणाली, "मला तर लग्नाआधीपासून सांगत आलेत," आणि चहाचे कप गोळा करायला लागली. एवढे कप वाजलेले त्या घरात कोणी ऐकले नव्हते.

दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "ने बाई," तो म्हणाला. "ने ते धूड तुझ्या घरी. नको मला. साधी एक गोष्ट सरळ फिरत नाही त्याची."

"नेऊ?" धाकटीने विचारलं. "नक्की?"

"ने म्हटलं ना. सगळ्यांसमोर म्हणतोय."

"मग आत्ताच नेते. खाली टेम्पो उभा आहे."

दादाचं तोंड उघडं राहिलं. ती टेम्पोची गोष्ट त्याच्या डोक्यात पूर्ण उतरायच्या आत डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या होत्या. मंडळाचं नावच 'आपले हात'. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच त्या हातांना खरं काम मिळालं होतं. चौघांनी चार पाय धरले. शाळेच्या बाई जिन्यावर पुढे होऊन "डावीकडे, आता डावीकडे" असं सांगत होत्या, आणि दर वेळी 'डावीकडे'वर थोडा जास्तच जोर देत होत्या. धाकटीने फुलदाणी वहिनीच्या हातात दिली. बाजूला काढलेली काच भिंतीला टेकवून ठेवली. पेटी काखेत मारली. ती न्यायची का, हे तिने कोणाला विचारलं नाही.

बेंच तिच्या दोन खोल्यांत मावलं. पलंग भिंतीला सरकवावा लागला, एवढंच.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"तू मला आधी सांगू शकली असतीस."

"एकदा फिरवून बघ म्हटलं होतं."

"तसं नाही. नीट सांगायचं."

"भातुकलीतून वेळ मिळाला नाही."

मग तो म्हणाला, "बाबांनी मला कधी बोलावलंच नाही गं त्या खोलीत."

यावर तिला वाईट वाटेल अशी त्याची समजूत असावी. तिने क्षणभर आठवून बघितलं, प्रामाणिकपणे, जशी ती वजनकाट्याचा काटा शून्यावर आहे का ते बघायची.

"बोलावलं," ती म्हणाली. "पुष्कळदा. तू म्हणायचास, कपड्यांना भुसा लागतो."

दादाने फोन ठेवला नाही.

"पुढच्या रविवारी येऊ का तुझ्याकडे?" त्याने शेवटी विचारलं. "मंडळात तोंड दाखवायचं तर काहीतरी यायला हवं. शिकव थोडंसं."

"ये," धाकटी म्हणाली. "पण आधी भोकांतली पुट्टी काढायची आहे. तू भरलीस ना ती?"

"माणसाकडून भरून घेतली."

"काढायची मात्र तू. जुने कपडे घालून ये."

तिने फोन ठेवला आणि बेंचाकडे पाहिलं. पुट्टी दगडासारखी घट्ट बसली होती. ड्रिलने ती चुटकीसरशी निघाली असती. ड्रिल तर तिने मघाशीच टोक बसवून तयार ठेवलं होतं. तिने ते टोक काढलं, ड्रिल कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मग हत्यारांच्या पेटीत शोधून शोधून एक बोथट पटाशी बाहेर काढली, आणि दादासाठी बेंचावर ठेवली.