डावीकडे ओढणारी सायकल

सायकल डावीकडे ओढते, ही यांची पहिली तक्रार. दुकानापासून पन्नास पावलंही झाली नव्हती.

"हँडल वाकडं आहे," हे म्हणाले. "त्या बाईने नेमकी मोडकी सायकल माझ्या गळ्यात मारली."

मी यांना घेऊन तशीच मागे वळले. राग माझ्या नाकावरच असतो, हे त्या सायकलवाल्या बाईला काय ठाऊक! तिने पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहिलं, मग स्वतः बसून एक चक्कर मारली, तीही दोन्ही हात सोडून. सायकल सरळ गेली आणि सरळ आली. "काही झालेलं नाही हो हिला," ती म्हणाली. तरी मी हट्टाने माझी सायकल यांना दिली आणि यांची मी घेतली.

मला ती अगदी नीट नेत होती. आणि हे माझ्या सायकलवर पुन्हा डावीकडे, रस्ता सोडून थेट गवतात.

"हीपण वाकडी," हे म्हणाले.

आता हिच्यावरूनच मी दुकानापर्यंत आले होते की! मग ही आत्ताच कशी वाकडी झाली? माझं डोकं चालेना.

आमचे हे गवंडी. तीस वर्षं झाली, हे परांचीवर उभे राहून विटा रचतात आणि मी खाली माल कालवून घमेली वर देते. वरून दिवसभर एकच ओरडा, "माल पातळ झाला!" गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर यांचा पाय फळीच्या बाहेर पडला. कसेबसे सावरले. "चप्पल घसरली," म्हणाले. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. सोमवारपासून चौथ्या मजल्याचं काम सुरू होणार होतं. लेक म्हणाली, दोन दिवस कुठेतरी फिरून या, बाबांना जरा विश्रांती. म्हणून ही पडकी देवळं आणि या भाड्याच्या सायकली. विश्रांती म्हणे!

पहिल्या देवळाचं छप्पर कधीच कोसळलेलं, नुसते खांब उभे. बाकीचे लोक मूर्ती बघत होते. यांनी मूर्तीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक डोळा मिटून खांब न्याहाळत राहिले.

"झुकलाय."

"कुठे?"

"डावीकडे. दिसत नाही तुला? कुठल्या गाढवाने उभा केला हा?"

मी पाहिलं, मला सरळ वाटला. दोन पावलं सरकून पाहिलं, तर किंचित कललेला वाटला. पुन्हा जागेवर आले, तर सरळ. शेकडो वर्षांचं बांधकाम, झुकलं असेलही. दुसऱ्या देवळात दाराची चौकट झुकलेली निघाली, तिसऱ्यात मागची भिंत. सगळं डावीकडे.

"सगळे कारागीर डावखुरे होते की काय?" मी म्हणाले. हे हसले नाहीत.

मलाही हसू येत नव्हतं. काहीही करून एखादं तरी देऊळ खरोखर वाकडं निघावं, असं वाटायला लागलं. नाहीतर वाकडं एकच उरत होतं, आणि ते सोमवारी चौथ्या मजल्यावर चढणार होतं.

चौथ्या देवळात यांनी खिशातून ओळंबा काढला. दोरीच्या टोकाला पितळी वजन, बस. पण तो फिरायला येतानाही सोबत हवाच, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. डोळा फसवतो, ओळंबा फसवत नाही, हे मी तीस वर्षं ऐकत आलेय. यांनी खांबाच्या फटीत काटकी खोचली, तिला दोरी बांधली आणि वजन हलकेच सोडलं.

मी वाकून पाहिलं. खांब आणि दोरी यांच्यात वर दोन बोटांचं अंतर, खालीही दोनच बोटं. खांब सरळ होता.

हे मागे सरकून बघत राहिले. पुढे आले, वजन हाताने स्थिर केलं, पुन्हा मागे गेले. वाऱ्याचं नावही नव्हतं.

"दोरी वाकडी लटकतेय," हे म्हणाले.

आणि पायरीवर खाली बसले.

मला कुणावर तरी भडकायचं होतं. सायकलवाल्या बाईवर, देऊळ बांधणाऱ्यांवर, यांच्यावर. कुणीच सापडेना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हणाले.

"जाऊ." पहिल्यांदाच अंगावर आले नाहीत. मग म्हणाले, "मला ताप होता तेव्हा विटांचे चार थर तू रचले होतेस."

"हो. तुम्ही नंतर ओळंबा लावून पाहिलात आणि काहीच बोलला नाहीत."

"काय बोलणार? सरळ होते."

ते उठले. दोरी सोडवली, वजनाभोवती नीट गुंडाळली आणि ओळंबा माझ्या हातात दिला.

"सोमवारी तू वर चढ. मी खालून माल देतो."

ओळंबा यांच्या मुठीतला, कोमट होता. माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

"घट्ट कालवायचा. पातळ माल मला चालायचा नाही."

"बरं," हे म्हणाले.

परत येताना आम्ही सायकली हातात धरून चाललो. मी यांच्या डाव्या बाजूला राहिले.