अकराव्या पावलावरची भिंत

हलू नका. एकच मिनिट. मी कॅमेऱ्याची पन्नासची, म्हणजे पन्नास एमएमची लेन्स बोलतेय.

माझ्यासमोर उभं राहिलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर 'हलू नका' असं बजावलं गेलं, पण मला स्वतःला कधी स्वस्थ बसता आलं नाही. आताही नाही. कामठीतल्या चंद्रभानच्या स्टुडिओत टेबलाच्या खालच्या खणात मी पडून आहे. मागच्या गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले की खण थरथरतो आणि मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घरंगळते. काचेत बुरशीचं पांढरं जाळं धरलंय. ते पुरतं पसरायच्या आत एक गोष्ट सांगून टाकायची आहे.

माझा जन्म जपानचा. तिथलं मला काही आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं कौतुकही नाही. आठवतं ते सीताबर्डीवरच्या दुकानातलं काचेचं कपाट आणि मला उजेडाकडे धरून एक डोळा मिटणारा तरुण चंद्रभान. त्यानं मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि रोलच्या कॅमेऱ्यावर चढवलं. त्यानंतर वीस वर्षं आम्ही लग्नं, मुंजी, बारशी, सगळं सोबत पाहिलं.

फ्लॅश आमचा तिसरा सोबती. मोठा तोरेबाज! चार्ज होताना किंचाळायचा आणि नेमके नवरदेवाचे डोळे मिटवायचा.

चंद्रभानची एक पद्धत होती. तो आधी कॅमेऱ्यातून बघायचाच नाही, पावलं मोजायचा. एकटा माणूस असेल तर तीन पावलं मागे, जोडपं असेल तर चार, सगळं कुटुंब असेल तर आठ. आठव्या पावलावर थांबून डोळा लावला की या टोकाच्या काकांपासून त्या टोकाच्या मावशीपर्यंत सगळे माझ्यात बरोबर मावायचे. या आठ पावलांचा त्याला फार अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

मग डिजिटल आलं. रोल मिळेनासे झाले, गिऱ्हाईक लगेच फोटो दाखवा म्हणू लागलं. चंद्रभाननं बरेच दिवस चालढकल केली आणि शेवटी डिजिटल कॅमेऱ्याची लेन्सशिवाय नुसती बॉडी घेतली. दुकानदार ओमप्रकाशनं त्याला तेव्हाच सावध केलं होतं.

"चंद्रभानभाऊ, हा जुना फ्लॅश याच्यावर बिलकुल चढवू नका. नवा कॅमेरा जाळून टाकते तो. अन् ही पन्नासची बसते याच्यावर, पण पन्नासची राहत नाही. पंचाहत्तरसारखी होऊन जाते, समोरचं कमी मावते. घरातल्या प्रोग्रामले वाइड लेन्स लागनच."

फ्लॅशबद्दलचं चंद्रभाननं ऐकलं. बिचारा त्याच दिवशी माळ्यावर गेला. माझ्याबद्दलचं मात्र ऐकलं नाही.

"मले पाय हायेत नं गा," तो हसून म्हणाला. "दोन पावलं अजून मागं जाईन."

मी सुखावले. ठेवलं ना मला! त्याचा हा हट्ट आम्हाला कसा नडणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पुढच्याच आठवड्यात हुडकेश्वरला हिमानीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. हिमानी म्हणजे चंद्रभानच्या थोरल्या बहिणीची, इंदुताईंची नात. इंदुताईंनी चंद्रभानला आईच्या मागे लहानाचा मोठा केला होता. त्या पारशिवनीहून सकाळच्या बसनं आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. कुंकू नाही म्हणून ओवाळायला त्यांना कुणी बोलावलं नाही. त्या आपल्या मागे मागेच राहिल्या.

हॉलमध्ये कुटुंबाच्या फोटोसाठी सगळे उभे राहिले. इंदुताई डाव्या टोकाला. चंद्रभान आठ पावलं मागे गेला, डोळा लावला आणि गडबडला. दोन्ही बाजूंची माणसं कापली जात होती. नऊ. दहा. अकराव्या पावलाला पाठ भिंतीला टेकली. अजून एकच पाऊल हवं होतं.

"जवळ जवळ या नं बाप्पा!" तो ओरडला.

सगळे दाटीनं उभे राहिले. तरी इंदुताईंचा अर्धा चेहरा बाहेर. अंगणात मांडवाखाली पानं वाढली जात होती, पाहुणे घाई करत होते.

इंदुताईंनी त्याचा घामेजलेला चेहरा पाहिला. "राहू दे गा चंद्रभान. मी सरकते बाजूले. तुमचा काढून घे."

"ताई, थांब नं वं..."

पण त्या सरकल्यासुद्धा. माझा जीव कासावीस झाला. वीस वर्षांत मी कुणाला असं बाहेर काढलं नव्हतं. चंद्रभानचं बोट क्षणभर थांबलं आणि मग त्यानं बटण दाबलं.

अल्बम झाला. इंदुताईंनी तो पाहिला, 'सगळे छान आले' म्हणाल्या आणि मिटून ठेवला. चंद्रभानला मात्र चैन पडेना. तो थेट सीताबर्डीला गेला, वाइड लेन्स घेतली, नवा फ्लॅश घेतला. ओमप्रकाशनं मला बदल्यात मागितलं. मी काउंटरवर पडले होते, श्वास रोखून.

"ही नाही देत," चंद्रभान म्हणाला. "हिचं एक काम राह्यलं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पारशिवनीला. इंदुताई ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत होत्या.

"एकटीचा फोटो? काहून? हार घालायले?"

"गप बस वं. हलू नको."

त्या हलतच राहिल्या, हात काही थांबेनात. चंद्रभाननं तसंच चालू दिलं. तीनऐवजी साडेचार पावलं मागे गेला आणि मला हळूहळू फिरवू लागला. माझ्यासमोर दुसरं कुणी नव्हतं. लाल मिरच्या, ओसरीतला मऊ उजेड आणि तो सुरकुतलेला, थट्टेखोर चेहरा. असा फोटो मी त्याआधी कधी काढला नव्हता.

इंदुताईंनी कॅमेरा दोन्ही हातांत धरून मागच्या पडद्यावर स्वतःला कितीतरी वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आता मले त्या हिमानीच्या फोटोत चिकटवून दे."

"तसं मले नाही येत, ताई."

"काहून? नवा कॅमेरा हाय नं?"

चंद्रभान त्यांच्याशेजारी बसून मिरच्यांची देठं खुडू लागला. मला रडू आवरेना, पण काचेला रडता कुठे येतं?

हिमानीच्या लग्नात त्यानं सगळ्यांच्या आधी इंदुताईंना हात धरून मधोमध बसवलं, नवरानवरीच्या शेजारी. तो फोटो वाइड लेन्सनं काढला. सगळे मावले. मी पिशवीत, अंधारात होते. बाजूला सरकायची पाळी आता माझी होती आणि ती मी आनंदानं घेतली.

इंदुताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पारशिवनीच्या भिंतीवर मी काढलेला त्यांचा तोच फोटो आहे, हार घातलेला. त्या म्हणाल्या तसंच झालं.

आता तुम्ही सगळेच फोटो काढता, खिशातल्या फोनवर. मला विसरलात तरी चालेल. पण टोकावरचं कुणी 'मी सरकते' म्हणालं, तर तिला सरकू देऊ नका. मागे भिंत आली तर सगळ्यांना अंगणात न्या. त्या दिवशी अंगणात मांडव होता, सावली होती. चंद्रभानला ते सुचलं नाही, आणि मला तेव्हा बोलता येत नव्हतं.