माझ्यात नसलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझ्या पाठीचा पुठ्ठा सुटला आहे आणि शेवटची, झेडची पानं कधीच गळून गेली आहेत. ती कुणाला फारशी लागतही नव्हती. आज मी बोलायला बसलो आहे ते माझ्यापेक्षा एका घराबद्दल सांगायला.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या खिळ्यांनी माझी पानं छापली, बाइंडरने ती शिवून वर निळं कापड चढवलं. मग इंदूरला, तुकोगंजातल्या एका वकिलांच्या कपाटात मी वीस वर्षं उभा होतो. वकील वारले, मुलांनी कपाट रिकामं केलं आणि मी खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात येऊन पडलो.

१९८७ साली शाळा सुरू होण्याच्या दिवसांत एक किडकिडीत माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून तिथे आला. त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते. दुकानदार म्हणाला, "भिया, हिंदीवाली ले जाओ. मराठीवाली इधर कौन पढ़ता है?"

"हम पढ़ते हैं," तो माणूस म्हणाला आणि त्याने मला काखेत घेतलं.

हे आनंदराव. त्यांचे वडील महूला पलटणीत होते. आनंदराव मराठी पाचवी शिकून मिलमध्ये लागले, कापूस पिंजण्याच्या खात्यात. एकुलत्या एका मुलीला, संबोधीला, त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. घरात ते आणि त्यांची बायको शशिकला, दोघांनाही इंग्रजीची अक्षरंसुद्धा धड येत नव्हती. आनंदरावांनी मिलच्या जाड कापडाचं कव्हर मला स्वतः शिवून घातलं.

ती माझी सुखाची वर्षं होती. पाळी सुटून आनंदराव घरी आले, हात-पाय धुतले की विचारायचे, "बेटा, आज कौनसा शब्द?" संबोधी इंग्रजी शब्द वाचायची आणि ते माझ्या पानावर बोट ठेवून पुढचा मराठी अर्थ मोठ्याने वाचायचे. हळूहळू तिने त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवली. एक शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागे, पण ते चिकाटी सोडत नसत. वस्तीतली माणसं "जय भीम, आनंदराव" म्हणत दारात यायची. कुणाची तार असायची, कुणाचा नोकरीचा अर्ज. संबोधी वाचायची, अडलं की मला उघडायची. "लेकरू साहेबासारखं पढतं!" लोक म्हणायचे. आनंदराव माझ्यावरची धूळ झटकत.

एकदा शाळेतून निरोप आला, की घरात इंग्रजीच बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल. शशिकलाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "मग मी काय दिवसभर चुप बसू?" सगळे हसले. पण त्यानंतर संबोधी घरात कमी बोलायला लागली. आई बाजारात मोठ्याने मराठी बोलली की ती दोन पावलं पुढे चालायची.

मग मिल बंद पडली. सकाळचा भोंगा वाजला नाही आणि सगळी वस्ती दारात येऊन उभी राहिली. फाटकावरची नोटीस हिंदीत होती, ती सगळ्यांनी वाचली. पण पुढे कोर्टाचे, वकिलांचे, युनियनचे जे कागद येऊ लागले ते इंग्रजीत. दहा-बारा माणसं रोज आनंदरावांच्या खोलीत. संबोधी मोठी झाली होती, अभ्यास वाढला होता, आणि त्या कागदांतले शब्द तिलाही कळत नव्हते. तिने अर्थ सांगितला, की माणसं तिच्याकडेच पाहत राहायची, जणू मिल चालू करणं तिच्याच हातात होतं.

एका संध्याकाळी आनंदराव कागद घेऊन तिच्याजवळ आले. "बेटा, जरा हे पढून दे ना."

संबोधीने वही आपटली. "बाबा, रोज-रोज मीच का? सगळ्यांचे बाबा स्वतः वाचतात. तुम्ही पण शिका ना कधीतरी!"

आनंदराव हसले. "सही बात आहे तुझी," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

मित्रांनो, त्यांनी तिला पुन्हा कधीच काही वाचायला सांगितलं नाही. संबोधीला वाटलं, आता कागद येत नसतील. पण ती शाळेत गेली की आनंदराव मला मांडीवर घेऊन बसत. एका ओळीला कधीकधी सगळी दुपार लागे.

मिल काही सुरू झाली नाही. आनंदरावांना दुसरं काम येत नव्हतं. गाद्या-रजया भरून देणाऱ्या एका दुकानात ते रुई पिंजायला जाऊ लागले. खोकला मिलमध्येच लागला होता, आता तो छातीत बसला. जिना चढताना ते मध्येच थांबायचे. शेवटी ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टर घाईत होते. त्यांनी तपासलं, औषधाचा पर्चा लिहिला आणि "घर में पढ़वा लेना" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली.

संबोधीची दहावीची परीक्षा तोंडावर होती. आतल्या खोलीत ती पाठ करत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. आनंदरावांनी दाराकडे पाहिलं. मग मला खाली काढलं आणि पर्च्यावरचा सगळ्यात मोठा शब्द शोधायला घेतला. बी. वाय. एस. एस. त्यांचं बोट बीच्या पानांवरून खाली सरकत गेलं, परत वर आलं, पुन्हा सरकलं. मी माझी सगळी पानं ताणली असती, पण तो शब्द माझ्यात नव्हता. मला छापणाऱ्यांनी कापसाच्या धुळीने होणारा छातीचा रोग घेतलाच नव्हता. आनंदरावांनी सुटकेचा श्वास सोडला, जेवढा त्यांना जमला तेवढा.

"क्या बोले डॉक्टर?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"काही खास नाही गं. एवढ्या मोठ्या पुस्तकात पण नाहीये ते, मग कितीसं मोठं असणार?"

त्यांनी पर्चा त्याच पानात ठेवला, खोकल्याची बाटली आणली आणि दुसऱ्या दिवशी पिंजायला गेले.

दोन वर्षांनी आनंदराव गेले. संबोधी बारावीत होती.

काही महिन्यांनी कॉलेजच्या अर्जासाठी तिने मला उघडलं आणि तो पर्चा तिच्या मांडीवर पडला. वाचायला तिला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. लिहिलं होतं, कापसाच्या धुळीत पाऊल टाकू नका, छातीच्या मोठ्या डॉक्टरांना लगेच दाखवा. खाली तारीख होती.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी हे मला का नाही दाखवलं?"

शशिकलाबाईंनी कागद हातात घेतला. तो कसला आहे हे त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेकीच्या तोंडावरून समजलं. "तुझी परीक्षा होती," त्या म्हणाल्या. "बोलले, पोरीला डिस्टर्ब नको."

संबोधी रडली नाही. तिने मला मिटलं आणि पोटमाळ्यावर ठेवलं. तिथे मी कितीतरी वर्षं होतो. कसरीने माझ्या कडा खाल्ल्या, ओल आली, कव्हरचं कापड कुजलं. मला राग नाही. माझ्याकडे पाहणं तिला सोसत नसणार.

आता ती भंवरकुआंच्या बाजूला राहते, नोकरी करते, आणि आई तिच्याजवळ असते. घर बदलताना तिने मला खाली आणलं, रद्दीत मात्र टाकलं नाही. शेल्फावरून मी ऐकतो. आईच्या औषधाचा प्रत्येक कागद ती मोठ्याने वाचते, मग मराठीत सांगते, मग पुन्हा एकदा सांगते. शशिकलाबाई वैतागतात. "बस झालं गं, समजलं मला!" तरी ती वाचतच राहते.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, त्यांना ओलीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण मला एवढंच मागायचं नाही. तुमच्या आई-वडिलांनी एखादा कागद तुमच्यापुढे धरला, तर अभ्यास दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि वाचून दाखवा. आणि त्यांनी कागद पुढे धरणं बंद केलं असेल, तर आजच जाऊन त्यांना विचारा.