गार पडलेली मोटर

मित्रांनो, खडकीत नदीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. मी बोटीची मोटर. बोटीच्या मागच्या फळीला मला घट्ट आवळतात, माझा पंखा पाण्यात बुडतो आणि मी बोट पुढे ढकलते. पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणाऱ्या एका मंडळाने मला बारा वर्षांपूर्वी आणलं. तेव्हापासून मला चालवलं ते सीतारामकाकांनी.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी ते मला पुसायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे. त्यांच्या पत्नी कांताबाई म्हणायच्या, "सख्ख्या लेकीला कधी एवढं न्हाऊ-माखू घातलं नाहीत."

एका उन्हाळ्यात सराव चालू असताना पाणी आत घेणाऱ्या माझ्या जाळीत जलपर्णी अडकली. मी भयंकर तापले, धूर सुटला. त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं, आतला थर्मोस्टॅट काढून टाका, मोटर जन्मात तापणार नाही. थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटीशी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती पाणी अडवून धरते आणि इंजिन हवं तेवढं गरम झालं की पाण्याला वाट देते. काकांनी ती काढली आणि नदीचं थंड पाणी माझ्या अंगातून सतत वाहू लागलं.

मग माझं फार कौतुक झालं. मोटर तापत नाही, तेलही खात नाही, उलट तेल मोजायच्या पट्टीवर ते थोडं वरच दिसतं, असं काका सगळ्यांना सांगायचे. मित्रांनो, ते तेल नव्हतं. गारठलेल्या इंजिनात पेट्रोल नीट जळत नव्हतं, ते झिरपून तेलात उतरत होतं. वेगात मी धावायची. हळू चालवलं की मात्र जीव घाबरा व्हायचा. पण मला बोलता कुठे येतं?

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या वस्तीत शिरलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गोदाबाई आणि त्यांची नात पायल अडकल्या होत्या. काकांनी बोट गॅलरीपाशी नेली, वेग कमी केला, आणि मी बंद पडले. धार बोट ओढू लागली. काकांनी एका हाताने गॅलरीचा गज धरला आणि सोडला नाही. सोबतच्यांनी दोघींना उतरवून घेतलं आणि वल्ही मारत बोट काठाला आणली. काकांचा खांदा मात्र निखळला.

मंडळाचे प्रमुख श्यामसुंदर तिरकस बोलणारे. मोटर भर पुरात विश्रांती घेते, तेव्हा तिला कायमचीच द्यावी, असं ते म्हणाले. काकांनी फक्त एक आठवडा मागून घेतला.

दीक्षा जनरेटर आणि पंप दुरुस्त करते. काकांच्याच वस्तीत वाढलेली मुलगी. ती आली, "जय भीम, काका" म्हणाली आणि हात झोळीत अडकवलेल्या काकांना तिने खुर्चीवर बसवलं. आधी तिने पट्टी काढून तेलाचा वास घेतला. त्याला पेट्रोलचा वास होता. प्लग काढले, तर काजळीने काळे आणि ओले. तेल बदलून, प्लग पुसून तिने मला पाण्याच्या पिंपात चालवलं आणि पंधरा मिनिटांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला.

"काका, ही तर गारच आहे."

"मग चांगलंच की," काका म्हणाले.

दीक्षाने चार बोल्ट सोडवून झाकण उघडलं. आतली जागा रिकामी होती.

"इथली झडप कुणी काढली?"

"मी," काका म्हणाले. "तिला पुन्हा त्रास होऊ नये म्हणून."

दीक्षाने हात पुसले. "ताप उतरवायला गेलात, काका, आणि ऊबच काढून घेतलीत. तिला थोडी ऊब लागतेच."

तिने नवी झडप आणली. पातेल्यात पाणी तापवून ती काकांना दाखवली: पाणी कोमट होतं तोवर तोंड मिटलेलं, चांगलं तापल्यावर हळूच उघडलेलं. काका लहान मुलासारखे वाकून बघत होते. मग तिने ती बसवली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात ऊब आली.

रविवारी बैठकीत काका उभे राहिले. दोष मोटरीचा नव्हता, माझा होता, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि यापुढे दुसऱ्या कुणी मोटर चालवावी, असंही म्हटलं. श्यामसुंदरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मोटर दुरुस्त झाली. खांदाही होईल. मग चालवायला कुणाला पाठवायचं, सांगायला हवं का? बसा आपण."

या वर्षी पुन्हा पाणी चढलं. आप्पासाहेब नावाच्या अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांना खिडकीतून चादरीच्या झोळीत उतरवायचं होतं. काकांनी मला अगदी हळू ठेवलं आणि धारेविरुद्ध बोट जागच्या जागी धरली. अर्धा तास लागला. मी एकदाही अडखळले नाही.

मित्रांनो, मला जे झालं ते मायेपोटीच झालं, म्हणून माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: ज्याची काळजी घ्याल, त्याला काय हवं ते आधी जाणून घ्या. आणि तुमच्या आसपास कुणी कधी तापत नसेल, कुरकुरत नसेल, तर ठीकच असेल असं धरून चालू नका. एकदा जवळ जा आणि हात ठेवून बघा.