चाचणीची गंगम्मा

सोलापुरातल्या त्या लष्करी कचेरीत तीन खोल्या होत्या आणि तीन संगणक-जाळी: एक भांडाराचं, एक निरोपांचं, एक दवाखान्याच्या कार्डांचं. तिन्हींचं आपसात बोलणं नव्हतं. भांडाराला कार्डवाल्यांशी काम पडलं की हारून शिपाई चिठ्ठी घेऊन अंगण ओलांडायचा. देशाच्या संरक्षणात त्या चिठ्ठीचा वाटा मोठा होता. पदक तेवढं कुणी दिलं नाही.

तिन्ही जाळी सांभाळायचे रुद्रप्पा. लष्कराच्या सिग्नल दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इथं कंत्राटावर लागले. सिग्नलवाल्याची सवय अशी, की सकाळी आधी लाइन जिवंत आहे का बघायचं. त्यासाठी एक खोटी नोंद धाडायची. नोंदीला नाव लागतं, नंबर लागतो. साहेबाचं नाव घातलं तर साहेब भडकणार. मग रुद्रप्पांनी बायकोचं घातलं, आणि तोंडपाठ होता म्हणून तिच्या दवाखान्याच्या कार्डाचा खरा नंबर. ‘गंगम्मा, प्रकृती उत्तम.’ अकरा वर्षं, रोज, तिन्हीकडं. शेवटची दोन वर्षं गंगम्माची मूत्रपिंडं गेली होती, त्याच कार्डावर आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं. तरी नोंदीत प्रकृती उत्तमच. चाचणीचा मजकूर बदलायचा नसतो.

यंदा वरून हुकूम आला: सगळी फुटकळ जाळी मोडा, देशभर एकच करा. पुण्याहून सोमेश नावाचा इंजिनीअर आला.

“सुभेदारसाहेब, या एकाच बाईच्या आठ हजार नोंदी दिसतायत. कोण ही?”

“ती व्हय? चाचणीची हाय.” रुद्रप्पा हसले. “समदा कचरा. काढून टाका की.”

“मग इथं सही करा. हा नंबर पुन्हा कधी आला तरी यंत्र आत घेणार नाही.”

रुद्रप्पांनी सही केली. जुन्या डिस्कना नियमाप्रमाणं ड्रिलनं भोकंही त्यांनीच पाडली. साहेबांनी पाठ थोपटली.

मंगळवारी दवाखान्याच्या खिडकीत गंगम्माचं कार्ड चालेना. पडद्यावर आलं: ‘चाचणी नोंद. रुग्ण अस्तित्वात नाही.’ रुग्ण समोर बाकावर बसून धापा टाकत होता.

रुद्रप्पांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचे कान तापले. जुळे सोलापूर भागातल्या घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. गंगम्मा म्हणाली,

“अकरा वर्सं रोज माजं नाव घेत हुतासा. घरात कदी एकदा घेतलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत हारून धावत आला. “सुभेदारसाब, मी चिठ्ठी घेऊन जातो की!” गेलाही. पण चिठ्ठी घ्यायची खिडकी आता बुजवली होती. नव्या जाळ्याचं ते पहिलं यश म्हणून तिचा फोटो अहवालात होता.

सोमेशला फोन केला. तो भला माणूस. “काका, नियम तुमच्या सहीचा आहे, मला मोडता येत नाही. दिल्लीतून बदलेल. अर्ज करा.”

“कुटं?”

“याच जाळ्यावर. कार्डाचा नंबर घालून.”

रुद्रप्पांनी अर्ज केला. क्षणात उत्तर आलं: ‘चाचणी यशस्वी. निरोप पोचला. धन्यवाद.’ एवढ्या वेगानं लष्करात आजवर कुणाला उत्तर आलं नसेल.

खासगी दवाखान्यात डायलिसिस दोनदा झालं, तिसऱ्यांदा खर्च निभेना. सरकारी दवाखान्यात नाव लावलं. पुढं चौतीस जण. रुद्रप्पा रोज सकाळी कचेरीत जाऊन अर्ज करत राहिले. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी अर्जाच्या जागी जुनी नोंद धाडली, अकरा वर्षांचा मजकूर पहिल्यांदा बदलून: ‘गंगम्मा, प्रकृती गंभीर.’

‘चाचणी यशस्वी. निरोप पोचला. धन्यवाद.’

घरी आले तर ती उशांना टेकून बसली होती; आडवं पडलं की श्वास कोंडायचा.

“काय म्हनत्यात?”

“पोचलं म्हनत्यात.”

“मंग येतील की.”

रुद्रप्पा पायथ्याशी बसले. तिच्या सुजल्या पायावर त्यांनी अंगठा दाबला, सूज किती हे बघायला डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा. खड्डा पडला. भरून यायची वाट बघत ते बसून राहिले.