नक्षत्रयानाचा चार्ज

सुमन जगतापने आयुष्यात एकच नाटक लिहिलं, तेही बापाशी चार शब्द बोलायची छाती होईना म्हणून. पुढे गल्लीतले लोक तिला लेखिका म्हणायला लागले. म्हणेनात का. खरी गोष्ट एवढीच होती.

साल छप्पन्न. मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायचं ठरलं होतं आणि राजधानी जाणार होती भोपाळला. सुमन मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होती आणि तिथे दफ्तरांचे गठ्ठे बांधायला सुरुवातही झाली होती. कालपर्यंत पंख्याखाली डुलक्या काढणारे कारकून एकदम भूगोलाचे पंडित झाले होते. भोपाळचं पाणी कसं, भाडी किती, आपली माणसं तिथे कितपत आहेत, याशिवाय दुसरा विषय नाही. साहेबांनी सुमनला दोन महिन्यांपूर्वीच बोलावून विचारलं होतं, भोपाळला येणार का? आज त्यांनी शेवटचं बजावलं होतं, उद्या ऑफिस उघडल्याबरोबर सांगा, नाहीतर तुमचं नाव कमी होणाऱ्यांत जाईल. घर तिच्याच पगारावर चालत होतं, त्यामुळे होकार द्यायला तिला क्षणही लागला नसता. पण अडचण घरी बसली होती, दाराकडे तोंड करून, बूट घालून.

अडचणीचं नाव रिसालदार महिपतराव जगताप. सुमनचे आबा. उभी हयात संस्थानाच्या रिसाल्यात, घोडदळात गेली. संस्थान विलीन झालं, फौज मोठ्या फौजेत मिसळली आणि वय झालेल्यांना घरी पाठवलं. आबा घरी आले, पण आले म्हणायचं इतकंच. रोज उजाडायच्या आत उठायचे, दाढी करायचे, बूट चमकवायचे, खाकी कोट चढवायचे आणि दारासमोरच्या खुर्चीत बसायचे. सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही उज्जैनला गेले नाहीत. "बोलावणं आलं तर मी कुठे सापडायचा?" एवढंच उत्तर. गल्लीने त्यांना वेडात काढलं होतं. सुमनने वेडात काढलं नव्हतं, पण राजाचं राज्य गेल्याचा सल धरून बसलेत, हट्टी आहेत, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. त्यांना एकटं ठेवून जाण्यातही अर्थ नव्हता. गेल्या थंडीत ते शेगडी पेटती ठेवून झोपले होते आणि पांघरुणाचं एक टोक जळाल्यावर जागे झाले होते.

म्हणून नाटक. दाना ओलीच्या, म्हणजे त्यांच्याच गल्लीच्या, गणपती मंडळाला यंदा काहीतरी नवीन हवं होतं आणि सुमनने नवीन म्हणजे अगदीच नवीन दिलं. एका लहानशा ग्रहाच्या राजाचं नक्षत्रयान असतं. एकच माणूस ते वर्षानुवर्षं चालवत असतो. मग सगळे ग्रह एक होतात, सगळी यानं एका ताफ्यात जातात आणि जुन्या वैमानिकाला निरोप येतो की तुमची सुटका झाली, खाली उतरा. तो उतरत नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवा अधिकारी वर येतो, तेव्हा म्हातारा हसून किल्ली देतो आणि कोट उतरवतो. तिसरा अंक सगळा मोकळेपणाचा. तो सुमनने जीव ओतून लिहिला होता. सुटलेला वैमानिक उशिरापर्यंत झोपतो. बाड्यावर, भर चौकात, उभ्या उभ्या जिलबी खातो. आगगाडीत बसतो आणि कुठे जायचं ते गाडी सुटल्यावर ठरवतो. त्याला कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देतो.

वैमानिकाचं काम करणाऱ्या बँकेतल्या गृहस्थांची ऐन वेळी इंदूरला बदली झाली. मंडळाचे प्रमुख श्रीपादराव आवाजाच्या शोधात होते आणि सबंध गल्लीत आवाज म्हणावा असा एकच होता. आबांनी काम घेतलं, हे सुमनला नवलच वाटलं. त्यांनी फक्त एक बदल मागितला.

"वैमानिक काय? स्वार म्हण. बसतो ना त्याच्यावर?"

सुमनने स्वार केलं. तिचा बेत साधा होता. आबांनी ते मोकळं आयुष्य एकदा स्वतःच्या तोंडाने बोलावं, त्याची चव घ्यावी, आणि घरी जाताना ती भोपाळचा विषय काढणार होती. उद्याच उत्तर द्यायचं होतं. आजचा प्रयोग हाच काय तो मोका.

संध्याकाळची आरती झाली, पडदा वर गेला. यान म्हणजे चहाच्या पेट्यांच्या फळ्या, वर चंदेरी रंग, आणि सुकाणू म्हणून शिलाई मशीनचं चाक. पहिल्या रांगेत सरकारातले दोन साहेब बसले होते. पुढच्या वर्षीची परवानगी सुखाने मिळावी म्हणून श्रीपादरावांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सुमन विंगेत वही धरून उभी होती. विसरलेलं वाक्य पुरवायचं काम तिचं. पहिला अंक बिनघोर पार पडला. दुसऱ्या अंकात मात्र आबा यानाच्या फळीवर मधूनमधून थाप मारायला लागले, घोड्याच्या मानेवर मारतात तशी. तालमीत हे नव्हतं.

नव्या अधिकाऱ्याच्या वेषात रमाकांत आत गेला. मोतीमहालात तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पोरगा सरळ, पाठांतर चोख. त्याने ठरल्याप्रमाणे छाती काढली.

"स्वार, आपली सुटका झाली आहे. किल्ली द्या आणि मोकळे व्हा."

चंदेरी कागद लावलेली लाकडी किल्ली आबांच्या समोरच खुंटीवर लटकत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रमाकांतला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुला कुणी पाठवलं?"

हे वाक्य वहीत नव्हतं. रमाकांतने विंगेकडे पाहिलं. सुमनने हळूच पुरवलं, "ही घ्या किल्ली, सांभाळा माझं यान." तिने पुन्हा म्हटलं, या वेळी इतक्या मोठ्याने की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं.

"ऐकलं मी," आबा तिच्याकडे न वळता म्हणाले. "पण असं नसतं होत."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे बब्बा, चाबी दे दो, घर जाना है!" हशा पिकला. रमाकांतच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळायला लागला.

"काका, द्या न किल्ली," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "लोक हसून राहिलेत."

"हसू दे. मागच्या खेपेला पण असंच केलं तुम्ही लोकांनी." आबांचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "खिडकीच्या आत एक माणूस बसला होता. म्हणाला, किल्ल्या डब्यात टाका आणि जा. मागे रांग होती. मी विचारलं, चार्ज कुणाला द्यायचा? मान वर केली नाही त्याने. म्हणाला, टाका डब्यात. ही काय डब्यात टाकायची वस्तू आहे?"

आणि त्यांनी आपल्या रोजच्या खाकी कोटाच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढली. लाकडाची नव्हे. लोखंडी, चांगली वीतभर.

सुमनने ती ओळखली. लहानपणी ती आबांचा डबा घेऊन जायची तेव्हा तबेल्याच्या फाटकावर हीच किल्ली त्यांच्या कमरेला असायची. त्या तबेल्याचं आता सरकारी गोदाम झालं होतं. कुलूप नवं, फाटकही नवं. या किल्लीने जगात काहीही उघडत नव्हतं, आणि आबा ती पाच वर्षं छातीशी घेऊन दारासमोर बसले होते. राजाचं राज्य परत यावं म्हणून ते बोलावण्याची वाट पाहत नव्हते. त्यांचा पहारा कुणी बदलला नव्हता, म्हणून ते उठले नव्हते.

तिला स्वतःची लाज वाटली. हट्टी, हट्टी म्हणत राहिलो, एकदा विचारलं का आपण?

"सरकारी किल्ली," श्रीपादराव तिच्या कानाशी फुसफुसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब लोक समोर बसलेत. पडदा टाका. टाका आधी."

दोरीवाल्याने दोरीला हात घातला. पडदा पडला असता तर आबांनी किल्ली परत खिशात ठेवली असती, सरळ घरी जाऊन खुर्चीत बसले असते, आणि यापुढे मरेपर्यंत एक अक्षर बोलले नसते. सुमनला हे स्पष्ट दिसलं.

"थांबा," ती म्हणाली. वही तिने श्रीपादरावांच्या हातात कोंबली, पदर खोचला आणि ती रंगमंचावर गेली.

साध्या लुगड्यातली बाई नक्षत्रयानात शिरलेली पाहून मांडव खदखदला. रमाकांतने सुटकेचा श्वास सोडला आणि तिने खुणावताच तो बाजूला झाला. सुमन आबांच्या बरोबर समोर उभी राहिली, टाचा जुळवून. फाटकावर पहारा बदलताना तिने हे असंख्य वेळा पाहिलं होतं. डबा हातात, ऊन डोक्यावर, आणि समोर दोन शिपाई तोंडाला तोंड देऊन उभे.

"चार्ज में क्या है?" तिने विचारलं.

आबांची पाठ ताठ झाली. मांडवातलं हसू विरत गेलं.

"एक फाटक," आबा म्हणाले. "एक किल्ली. खोगिरं, लगाम, सगळं तेल लावून ठेवलेलं. घोडे. आणि शबनम."

इथे ते अडले. शबनम त्यांची घोडी. लिलावात गेली तेव्हा आबा तिकडे फिरकले नव्हते. सुमन वाट पाहत राहिली. पुरवायला तिच्याकडे वही नव्हती, आणि असती तरी हे त्यात नव्हतं. पहिल्या रांगेतले दोघे साहेबसुद्धा खुर्चीच्या कडेला आले होते.

"शबनम," आबा पुन्हा म्हणाले. "डावा मागचा पाय जपून. गूळ दिला की ऐकते." मग खाली बघत, हळू, "एक मुलगी. नोकरी करते. तिच्या लग्नाचं माझ्याकडून बघणं झालं नाही. पहाऱ्यावर होतो."

सुमन टाचा जुळवून तशीच उभी राहिली. पहाऱ्यावर रडत नाहीत.

"आणखी?"

"आणखी एक म्हातारा. हेकट आहे. शेगडी विझवायला विसरतो." आबांनी किल्ली तळहातावर आडवी धरून पुढे केली. "बस. इतकंच."

आता फक्त घ्यायचं होतं. आणि नेमकं इथे सुमनचा हात उचलेना. आबांना मोकळं करायचं म्हणून तिने तीन अंक लिहिले होते. जो मोकळा होतो त्याचा भार कुणाच्या हातात जातो, हे तिने एका ओळीतही लिहिलं नव्हतं. तिचं सुटणं कोण लिहिणार होतं? आबा बघत होते. पुढे केलेला त्यांचा हात खाली येत नव्हता.

तिने किल्ली घेतली. ती जड होती आणि अंगाच्या उबेने कोमट झाली होती.

"चार्ज लिया," ती म्हणाली. "जाओ, आराम करो."

आबांनी सलाम ठोकला. उजव्या हातात किल्ली होती म्हणून सुमनने डाव्या हाताने उलट सलाम केला. चुकीचा होता, पण कुणी हसलं नाही. मग आबांनी कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट यानाच्या खुर्चीवर ठेवला आणि नुसत्या बंडीत रंगमंचाच्या पायऱ्या उतरून, लोकांच्या मधून वाट काढत ते सरळ घरी निघून गेले. सुट्टी झालेला माणूस थांबेल कशाला? त्यांच्यावाचून तिसरा अंक होणं शक्यच नव्हतं. तो आजतागायत झालेला नाही. श्रीपादरावांनी घाईघाईने प्रसाद वाटला. एका साहेबाने विचारलं, किल्लीचा प्रसंग कुणी लिहिला? श्रीपादरावांनी त्याच्या हातात आणखी एक मोदक ठेवला.

सकाळी सुमन उठली तेव्हा घरात आवाज नव्हता. बुटांवर ब्रश फिरल्याचा नाही, दाढीच्या वाटीचा नाही. दारासमोरची खुर्ची रिकामी. आबा अंथरुणात आडवे, तोंडावर चादर. इतक्या वर्षांत उजाडल्यावर ते अंथरुणात दिसले नव्हते. काल ओझं उतरलं आणि रात्रीत गेले की काय? ती वाकली, चादर सारली आणि त्यांच्या नाकाशी बोटं धरली.

"जिवंत आहे," आबा डोळे न उघडता म्हणाले. "आराम करो म्हणालीस ना?"

सुमन मटकन खाली बसली. हसू आणि रडू एकदम आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

"भोपाळची गाडी दिवसाची आहे की रात्रीची?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या दाना ओलीला माहीत आहे, बाई. मलाच सांगायचं राहिलं होतं."

"दिवसाची पण आहे."

"मग दिवसाची घे. खिडकीपाशी." आणि त्यांनी कुशीवर वळून चादर पुन्हा तोंडावर ओढली.

सुमनने चहा केला, त्यांचा कप उशाशी झाकून ठेवला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि दार ओढून ती बाहेर पडली. ऑफिस उघडायची वेळ होत आली होती. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर तिचे पाय थबकले. ती घाईघाईने परत आली, शेगडीतले निखारे विझवले, हात लावून खात्री केली, आणि मग होकार द्यायला निघाली.