समोरची काच

"पुसून पुसून हात दुखाय लागला, पर ह्या काचंतलं धुकं काय जाईना. काचच भिकार," दादासाहेब स्वतःशीच कुरकुरले आणि वर्तमानपत्राचा बोळा डॅशबोर्डवर टाकून स्टेअरिंगवर बसले.

शेजारच्या सीटवर सारजा मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत नारळ, दोन लिंबं आणि हळदीकुंकवाची पुडी. काच तिच्याही समोर होती. त्या काचेतून तिला निमगाव केतकीचं स्टँड दिसत होतं, स्टँडवरची रसवंती दिसत होती, चरकाला बांधलेले घुंगरूसुद्धा मोजता आले असते.

"निगू या," ती म्हणाली. "उन्हं कलायच्या आत माघारी यायचंय."

मागच्या सीटवर सिद्धू मेकॅनिक बसला होता. वर्षभरात त्यानं या व्हॅनचे पुढचे दिवे दोनदा बदलले होते, काच मशीनवर घासून दिली होती, आणि गाडी डावीकडं ओढते म्हणून चाकांचं अलाइनमेंट तीनदा केलं होतं. गाडी डावीकडं ओढत नव्हती. हे सिद्धूला ठाऊक होतं, आणि सिद्धूला ठाऊक आहे हे सारजाला ठाऊक होतं. पण सिद्धूला क्लच कसा सोडायचा ते दादासाहेबांनीच शिकवलेलं. तो बिचारा तोंड उघडण्याऐवजी पान्हा उचलायचा. असा एकेक पार्ट बदलता बदलता आज सगळी गाडीच बदलायची ठरली होती.

व्हॅन बारामतीच्या रस्त्याला लागली आणि सारजाची वटवट सुरू झाली.

"अगं बाई, ही मेंढरं बघा की. डाव्या अंगाला निम्मा रस्ता धरून चालल्यात, आन राखणारा फोनवर."

दादासाहेबांनी गाडी अलगद उजवीकडं घेतली. "माज्या बापानं कधी अशी मोकळी सोडली न्हायती," ते म्हणाले.

"आन ह्या शाळंम्होरं गतिरोधक घातलाय, त्येला एक पांढरा पट्टा मारायला काय झालं हुतं ह्यांना?"

गिअर उतरला. पुढची चाकं चढली, मागची चढली.

नवख्या माणसाला वाटलं असतं, बाई बडबडी आहे. तीस वर्षांच्या संसारात तिला कुणी बडबडी म्हटलं नव्हतं. मागच्या वर्षी शाळेनं फर्मान काढलं, की मुलांच्या गाडीत एक बाई पाहिजे. निमगावची चौदा पोरं दादासाहेब वालचंदनगरच्या शाळेत न्यायचे-आणायचे. परकी बाई कशाला, म्हणून सारजा शेजारी बसू लागली. पहिल्याच आठवड्यात जंक्शनच्या फाट्यापाशी दादासाहेब म्हणाले, "हितनंच वळायचं ना गं?" बावीस वर्षं ज्या वळणावर हा माणूस पेंगुळल्या डोळ्यांनी वळला, ते वळण तो बायकोला विचारत होता. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते समोर बघत होते. "व्हय, हितनंच," ती म्हणाली. "ती टपरी गेली की लगीच."

तेव्हापासून ती रस्ता बोलू लागली. ते ऐकू लागले. यातलं एक अक्षर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पोरांना वाटलं खेळ आहे. आधी कुणाला दिसतं ते ओरडायचं. तिसरीतली सृष्टी सगळ्यांत तरबेज, "काका, म्हैस!" म्हणून मागून आरोळी द्यायची आणि दादासाहेब ब्रेक दाबून म्हणायचे, "बघितली गं माजे आई, बघितली."

सारजानं एकदा विषय काढून पाहिला होता. बाजारच्या दिवशी गावात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. "साखर वाढलीय तुमची, सहज दावून येऊ," ती म्हणाली. दादासाहेब म्हणाले, "ज्याला दिसत न्हाय त्यानं जावं," आणि पुढचे दोन दिवस जेवणापुरतंच घरात आले, बाकी वेळ गाडी धूत बसले. लायसन्सच्या वेळी डोळे तपासायचा तक्ता होता, पण रांगेतल्या पुढच्या माणसानं तो मोठ्यानं वाचला आणि यांनी कानानं पाठ केला. घरी येऊन सांगितलं, "बघ, येक चूक न्हाय." खरंच नव्हती.

आणि खरं सांगायचं तर सारजालाही त्या सीटची गोडी लागली होती. तीस वर्षं नवरा रस्त्यावर आणि ती चुलीपुढं. आता रोज सकाळी ती त्याच्या शेजारी, वारा खात, ऊस बघत. या गोष्टीची तिला अलीकडं लाज वाटायची.

कारण गेल्या मंगळवारी शाळेच्या फाटकात गाडीचा डावा आरसा खांबाला घासला आणि तुटून लोंबला. खांबाशी सृष्टी बुटाची नाडी बांधायला वाकली होती. वाकली होती म्हणून डोकं वाचलं. "आरसाच ढिला हुता," दादासाहेब म्हणाले. "ढिलाच हुता," सिद्धू म्हणाला. "व्हय," सारजाही म्हणाली. त्या रात्री तिनं भरलं ताट तसंच झाकून ठेवलं.

सोमवारी नवी गाडी येणार, म्हणून पोरांनी फुगे आणून ठेवले होते. नवी म्हणजे जुनीच, पण दुसरी. सौद्याचा इसार हातावर ठेवला की दादासाहेब शब्द फिरवत नसत. मग पुढची पाच-सात वर्षं चौदा पोरं त्याच गाडीत. म्हणजे बोलायचं ते इसाराच्या आधी. जंक्शनला बोलू, असं तिनं ठरवलं. जंक्शन गेलं. काटेवाडीला बोलू. काटेवाडी गेली. बारामती आली तेव्हा तिच्या तोंडात फक्त, "म्होरं सिग्नल लाल झालाय, किती वेळ लावत्यात कोण जाणे," एवढंच होतं.

*

जुन्या गाड्यांचा बाजार भिगवण रस्त्याला होता. पत्र्याच्या शेडपुढं गाड्या धुऊनपुसून ओळीनं उभ्या होत्या, लग्नाला आलेल्या बायकांसारख्या. इंद्रजित नावाचा तरणा मालक, हातात कडं, तोंडात साखर.

"या नाना. ही बघा पांढरी व्हॅन, एका हातातली. मास्तरांनी वापरलेली, शाळेपलीकडं नेली नाही."

दादासाहेबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि ते दारावरून फिरवू लागले. चुंबक पत्र्याला धरून सरकत होतं. मागच्या दारावर मात्र ते सुटून त्यांच्या तळहातात पडलं. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा पडलं.

"हितं पत्रा न्हाय, लांबी भरून वर रंग मारलाय," ते म्हणाले. "मागनं ठोकर बसलीया हिला."

मग ते आत बसले. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि त्याचं टोक दोन बोटांत चोळलं. गालिच्याखाली हात घातला, हात नाकाशी नेला.

"मास्तर पोहत जात हुते का रं शाळंला? ही गाडी पाण्यात हुती."

सिद्धू खो खो हसला. इंद्रजितही हसला, पण त्याच्या हसण्यातली साखर जरा कमी झाली. सारजाचा ऊर भरून आला. असा हात तालुक्यात कुणाचा आहे? या हाताला काय सांगायचं?

दुसरी व्हॅन राखाडी होती. चुंबक कुठंच पडलं नाही. गालिचा कोरडा, दारांचे रबर मऊ. दादासाहेबांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि पटकन काढला.

"आमी यायच्या आधी तापवून ठिवलीस. गार झाल्याबिगर मी चावी लावणार न्हाय."

"अहो नाना, उन्हानं तापलीय."

"उन्हानं वरनं तापती. ही आतनं तापलीया. तापलेलं इंजीन कसलंबी चालू हुतंय. च्या सांग."

चहा आला. त्यानंतर आणखी एकदा आला. तास-दीड तास गेला. सारजा एकदा बॉनेटकडं बघत होती, एकदा सूर्याकडं. इकडं इंजीन गार होत होतं आणि तिकडं ऊन भिगवण रस्त्यावर आडवं पसरत होतं. ती सिद्धूच्या जवळ सरकली.

"सिद्धू, तूच चालीव की जरा. म्हणावं, मला बघायचीय."

"काकू, नाना असताना मी?" सिद्धूनं पायानं खडा ढकलला. "तुमीच सांगा की त्यास्नी."

"मी काय सांगू?"

सिद्धू वाकून टायरची हवा बघू लागला.

गार इंजीन पहिल्या चावीला सुरू झालं. कान देऊन दादासाहेबांनी मान हलवली. "बोलतीय चांगली. चला, चालवून बघू."

सारजा नेहमीप्रमाणं पुढच्या दाराकडं गेली, तर इंद्रजित आधीच तिथं बसलेला. "मावशी, तुम्ही मागं बसा निवांत." गिऱ्हाइकाच्या शेजारी मालक बसतो, ही तर रीतच. ती सिद्धूजवळ, मागं बसली.

जाताना ऊन पाठीवर होतं. रस्ता मोकळा, चांगला रुंद. दादासाहेबांनी गिअर असे टाकले की कळलंसुद्धा नाही. इंद्रजित एकसारखा बोलत होता: टायर नवे, बॅटरी नवी, ब्रेक परवाच केलेत. चार-पाच किलोमीटरवर दादासाहेबांनी गाडी माघारी वळवली, आणि सगळा सूर्य काचेत आला.

सारजानं कपाळावर हात धरला. समोर नुसतं पिवळं. पलीकडून उसाच्या जोड-ट्रॉल्या डुलत येत होत्या.

"अगं बाई, केवढ्या ह्या ट्रॉल्या," ती मागून म्हणाली. "उजव्या अंगानं येत्यात बघ, सिद्धू. पार रस्त्याच्या मधनं."

"काकू, दिसत्यात," सिद्धू हळूच म्हणाला.

"आन म्होरं ती दुचाकी, दोन हंडं लावलेली..."

इंद्रजित मागं वळून हसला. "मावशी, स्टेअरिंग देऊ का तुमच्याकडं? नाना, घरी पण असंच का?"

"गप बस गं जरा," दादासाहेब म्हणाले. त्यांनी असं परक्यासमोर कधी म्हटलं नव्हतं.

सारजानं पदर सावरला आणि ती मागं टेकली. गाडी पळत होती. ट्रॉल्या गेल्या. दुचाकी गेली. रस्ता ओळखीचा नव्हता, इथली टपरी नाही, पिंपळ नाही, ज्या आठवणीवर दादासाहेब अर्धा रस्ता काढायचे त्यातलं इथं काहीच नव्हतं. आणि पुढं डाव्या बाजूला, निम्म्या रस्त्यात, चाक बसलेली एक भरली ट्रॉली उभी होती. मागं ओळीनं धोंडे मांडलेले. ट्रॉलीच्या सावलीला एक ऊसतोडीची बाई डोक्यावर पदर घेऊन वाढ्याच्या म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधत बसली होती.

आता पाय ब्रेकवर जाईल, सारजा मनात म्हणाली. आता जाईल. इंद्रजित मोबाइल बघत होता. सिद्धूनं सीटची कड घट्ट धरली, पण तोंड मिटलेलंच. दादासाहेबांची मान ताठ, नजर सरळ, गाडीचा वेग तसाच.

ती काही ओरडली नाही. तिनं पुढं झुकून त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि गच्च दाबला.

काय, कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. स्टेअरिंग उजवीकडं फिरलं, ब्रेक लागला, डावं चाक एका धोंड्यावर चढून धाडकन उतरलं आणि गाडी ट्रॉलीच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. उसाचं एक टिपरं काचेवरून घरंगळत खाली गेलं.

"नाना! मारता काय?" इंद्रजितचा मोबाइल पायांत पडला होता.

"ब्रेक," दादासाहेब म्हणाले. "ब्रेक ढिलं हायती तुजं."

"ढिले? परवा नवे टाकलेत. लागले म्हणून तर वाचलो."

"ढिलंच हायती," सिद्धू मागून म्हणाला. "ऑइल बघावं लागंल."

दादासाहेबांनी गाडी कडेला घेतली. खिशातून रुमाल काढला आणि ते समोरची काच आतून पुसू लागले. एकदा पुसली. पुन्हा पुसली. मग रुमाल तसाच काचेवर ठेवून थांबले.

"हिच्याबी काचंत धुकं हाय," ते म्हणाले.

"कुठं धुकं?" इंद्रजित म्हणाला. "नवी काच आहे, नाना."

"बदलून देतो मी," सिद्धू घाईनं म्हणाला. "चांगली बसवून देतो. त्याचं काय एवढं."

शेजारून ट्रक गेला. त्या आवाजात सारजानं दार सरकवलं आणि ती खाली उतरली. आधी ट्रॉलीकडं गेली. ऊसतोडीची बाई पेंढी छातीशी धरून उभी राहिली होती. तिला काही झालं नव्हतं. "लागलं न्हाय ना, बाई?" बाईनं मान हलवली आणि पुन्हा खाली बसली. सारजा तशीच, डोक्यावर पदर घेऊन, गाडीच्या पुढं येऊन उभी राहिली. बॉनेटला हात लागेल इतक्या जवळ. सूर्य तिच्या पाठीशी होता. काचेपलीकडं दादासाहेबांचा चेहरा तिला स्वच्छ दिसत होता, दाढीचा पांढरा खुंट, कपाळावरचा घाम, हातातला रुमाल.

त्यांनीही तिच्याकडं पाहिलं. रुमाल खाली ठेवला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि दोन्ही हात जोडले.

"चुकी झाली, बाई," ते तिला म्हणाले. "गाडीचा ब्रेक लागला न्हाय. माफी करा."

इंद्रजित हसायला गेला आणि मधेच थांबला. सिद्धूनं मान खाली घातली.

जोडलेले हात तसेच होते. तेच हात, अंधारातसुद्धा पत्रा ओळखतील असे. सारजा खिडकीशी गेली आणि तिनं ते आपल्या हातात घेतले. ओळखीच्या बांगड्या वाजल्या, तेव्हा त्यांनी दचकून मान वर केली.

"ब्रेक चांगलं हायती," ती म्हणाली. "काचबी चांगली हाय. आपल्या जुन्या गाडीचीबी चांगलीच हुती. अवं, तुमाला दिसत न्हाय."